नील यंगचा 'ट्रान्स' लोकांना का झेपला नाही?

प्रश्न: नील यंग म्हणजे गिटार न् हार्मोनिका एवढंच माहीत होतं, परवा 'ट्रान्स' लावला तर रोबोटच गातोय! तेव्हा खरंच एवढ्या शिव्या पडल्या का हो?

उत्तर: शिव्यांपेक्षा गोंधळ जास्त झाला. 1982 संपता संपता अल्बम आला, 'हार्वेस्ट' या जुन्या, साध्या गिटारवाल्या अल्बमचे फॅन वाट बघतायत आणि हा सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड), व्होकोडर (आवाज रोबोटसारखा करणारं यंत्र) घेऊन क्राफ्टवर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडच्या वाटेला, त्यात स्वतःचंच जुनं 'मिस्टर सोल' पण मशीनच्या आवाजात! बरं, मधेच दोन-तीन गाणी साध्या आवाजात, त्यामुळे सगळं तुटक वाटतं, ही तक्रार मला आजही पटते. पुढचा अल्बम रॉकबिली (पन्नाशीच्या दशकातल्या रॉक अँड रोलच्या धाटणीचा) काढला, तेव्हा त्याच्या गेफन या रेकॉर्ड कंपनीने 'हे तुमच्यासारखं नाही' म्हणत 33 लाख डॉलरचा दावाच ठोकला (कमाल आहे!), नंतर तो मिटला.

लोकांना तेव्हा माहीत नव्हतं की त्याच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूशी संबंधित, हालचालींवर परिणाम करणारा विकार) होती, बोलता येत नव्हतं, आणि अल्बममधले न कळणारे शब्द म्हणजे त्याच्याशी संवादाची तीच धडपड. हे कळल्यावर मतं बरीच बदलली. 'ट्रान्स'मधलंच 'ट्रान्सफॉर्मर मॅन' त्याने 1993 च्या 'अनप्लग्ड' या साध्या वाद्यांवरच्या अल्बममध्ये परत गायलंय, ते आधी ऐका, मग परत 'ट्रान्स' लावा.