आधी सकाळ सरकवा, रात्र आपोआप सरकेल

प्रश्न : ताई, माझा मुलगा १५ वर्षांचा आहे. सुट्टी लागल्यापासून रात्री अडीचच्या आत झोपत नाही आणि सकाळी ११ ला उठतो. शाळा सुरू व्हायला २० दिवस राहिलेत, मग रोज साडेसहाला उठावं लागणार. परवा मी ठरवून सकाळी ६ ला पडदे उघडले, लाईट लावले, उठवलंच त्याला. तर दुपारी जो आडवा झाला तो संध्याकाळी उठला आणि त्या रात्री ४ वाजेपर्यंत टक्क जागा. त्याचे बाबा म्हणतात आळशी झालाय. रोज भांडणं होतायत, काय करू? – एक आई

उत्तर : आधी हे त्याच्या बाबांना वाचून दाखवा, की मुलगा आळशी नाहीये. वयात येताना मुलांच्या शरीरातलं घड्याळच उशिराकडे सरकतं, रात्र झाली असं शरीराला सांगणारं मेलाटोनिन लहानपणापेक्षा तास-दोन तास उशिरा सुटायला लागतं, आणि दिवसभर जागून डोळ्यांवर जी झोप चढत जाते तीही या वयात हळू चढते. अमेरिकेत ब्राउन युनिव्हर्सिटीच्या मेरी कार्स्काडन यांनी यावर कितीतरी वर्षं काम केलंय, आणि तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये सरळ सांगितलं की मोठ्या मुलांच्या शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नका. शाळेची वेळ काही तुमच्या हातात नाही, पण निदान मुलाला दोष देणं तरी थांबवा.

आता परवा काय चुकलं ते बघू. ११ ला उठणाऱ्या माणसाच्या शरीराची खरी मध्यरात्र, म्हणजे अंगाचं तापमान सगळ्यात खाली असतं ती वेळ, साधारण उठायच्या दोन-तीन तास आधी येते, म्हणजे त्याच्या बाबतीत ८-९ च्या सुमारास. त्या वेळेनंतर डोळ्यांवर उजेड पडला तर घड्याळ लवकरकडे सरकतं आणि आधी पडला तर उलट अजून उशिराकडे जातं. म्हणजे तुम्ही ६ ला जो लख्ख उजेड केलात तो त्याच्या शरीराला संध्याकाळच्या उजेडासारखाच लागला, वर दुपारच्या झोपेने उरलीसुरली झोपही खाऊन टाकली.

म्हणून एकदम साडेसहा नको. ११ वरून साडेसहा म्हणजे साडेचार तास मागे यायचंय, दर दोन दिवसांनी अर्धा तास आणलं तर १८ दिवस लागतात आणि तुमच्याकडे २० आहेत, म्हणजे आजच सुरू केलंत तर नीट बसतंय. दोन दिवस साडेदहा, मग दोन दिवस १०, असं. आणि प्लीज झोपायच्या वेळेवरून वाद घालू नका, उठायची वेळ तेवढी पक्की धरा, कारण माणसाला ठरवून उठता येतं, ठरवून झोप लागत नाही. उठला की अर्ध्या तासाच्या आत त्याला बाहेर काढा, गच्ची, अंगण, रस्ता, कुठेही, २०-३० मिनिटं. आकाश ढगाळ असलं तरी चालेल, घरातल्या दिव्यांपेक्षा बाहेरचा उजेड कितीतरी पटीने जास्त असतो. उठल्यावर लगेच पोटात काहीतरी गेलं तर अजून बरं.

१३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते. तो आता साडेआठ तास झोपतोच आहे, म्हणजे झोप पुरेशी आहे, फक्त चुकीच्या जागी आहे. साडेसहाला उठायला लागला की रात्री १० च्या आसपास त्याला झोप येऊ लागेल.

दुपारी अगदीच डोळे मिटायला लागले तर ३ च्या आधी २० मिनिटं, त्याहून जास्त नाही. कॉफी आणि एनर्जी ड्रिंक दुपारनंतर बंद, कॅफीन निम्मं उतरायलाच ५-६ तास लागतात. आणि रविवारी भरपाई म्हणून १२ पर्यंत झोपू दिलंत तर आठवड्याची मेहनत गेली, जास्तीत जास्त तासभर सूट द्या. घरातले मोठे दिवे रात्री सगळ्यांनीच कमी करा, तो एकटाच अंधारात आणि बाकीचे टीव्हीसमोर असं केलंत तर तो का ऐकेल?

मेलाटोनिनच्या गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नका. तीन-चार आठवडे मनापासून करूनही वेळ सरकत नसेल, खूप घोरत असेल, किंवा सतत उदास, तुटक वाटत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : ताई, मी १६ वर्षांची आहे. आई १० ला लाईट बंद करते आणि मी १ पर्यंत छताकडे बघत पडते. तिला वाटतं मी नाटक करते. आणि फोन तर ती घेऊनच टाकते, पण मैत्रिणींशी बोलायला मला रात्रीच वेळ मिळतो. – एक मुलगी

उत्तर : नाटक नाहीये गं, मला माहितीये. रोज झोप लागते त्याच्या आधीचे दोन-तीन तास शरीर सगळ्यात जास्त जागं असतं, तेव्हा कितीही डोळे मिटले तरी झोप येत नाही. आईला हा भाग दाखव आणि सांग की मी १० ला नाही, झोप आल्यावर पडणार, पण सकाळी रोज ठरलेल्या वेळी उठणार आणि ती वेळ हळूहळू अलीकडे आणणार. हे तुला पाळावं लागेल हां, नाहीतर ती पुन्हा १० वर येईल. पडल्यावर २० मिनिटांत झोप नाही लागली तर उठून बस, मंद दिव्यात काहीतरी वाच किंवा चित्र काढ, झोप आली की परत पड.

फोनचं आईचं थोडं बरोबर आहे. नुसता उजेडच नाही, मेसेज आला की मन परत जागं होतं, "एकच रिप्लाय देते" म्हणत तास जातो हे तुलाही माहितीये. पण मैत्रिणींशी बोलणं बंद करावं असं मला अजिबात वाटत नाही. संध्याकाळी एक तास तुझा, कोणी मध्ये बोलणार नाही, असं आईकडून मागून घे, आणि झोपायच्या तासभर आधी फोन तूच खोलीबाहेर चार्जिंगला लाव. गजरासाठी साधं घड्याळ घे, आणि ते पलंगापासून लांब ठेव, म्हणजे बंद करायला उठावंच लागेल.