आधी पाठ बघ

प्रिय बाळा,

तू घ्यायला निघालीस त्या जुन्या अमेरिकन चांदीच्या ब्रोचचा फोटो मिळाला. ‘मावशी, वजनाच्या मानाने जास्त सांगतायत का?’ असं तू विचारलंस. वजनाचं आधी डोक्यातून काढ. ग्रॅम आणि मजुरीचा हिशेब आपल्या सोनाराकडे ठीक. १९४०-५० च्या दशकांत न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेज या वस्तीत जे कारागीर स्वतः ठोकून-वाकवून दागिने घडवत होते, त्यांना चांदी परवडायची म्हणून ती त्यांनी जवळ केली. त्यांच्यातला सॅम क्रेमर तर पेंढा भरलेल्या प्राण्यांना लावतात ते काचेचे डोळे चांदीत बसवायचा. ते काट्यावर तोलून काय कळणार?

दागिना हातात आला की उलटा कर. अमेरिकेत सरकारी हॉलमार्क नाही. मागे ‘स्टर्लिंग’, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, आणि असलीच तर कारागिराची सही. क्रेमरची खूण अळंबीची. पण शिक्का काय, नंतरही मारता येतो. म्हणून सहीआधी पिनेचा जोड बघ. जोडायला वितळवलेला धातू ओघळून साचलाय का, कडा कानशीने नीट घासल्यात का, जुनी पिन काढून नवी बसवल्याचा डाग दिसतो का.

या कारागिरांत मला सगळ्यांत जवळचा आर्ट स्मिथ. जन्म क्यूबातला, वाढला ब्रुकलिनमध्ये. १९४६ साली या कृष्णवर्णीय कारागिराने कॉर्नेलिया स्ट्रीटवर दुकान थाटलं, पण वर्णद्वेषाच्या जाचापायी ते वेस्ट फोर्थ स्ट्रीटवर हलवावं लागलं. नर्तकांसाठीही त्याने दागिने घडवले. ब्रुकलिन म्युझियममध्ये त्याचं काम आहे, कधी इकडे आलीस की नक्की बघ. गळा, खांदा, दंड हे सगळं त्याने घडणीतच धरलेलं असतं. त्यामुळे असा दागिना अंगावर घालून, चार पावलं चालून बघितल्याशिवाय घेऊ नकोस.

आणि घासू नकोस! माझा पहिला ब्रोच मी दिवाळीच्या भांड्यांबरोबर रांगोळीने लख्ख घासला. खोलगट भागात कारागिराने गंधकाने मुद्दाम चढवलेली काळी छटा पंधरा मिनिटांत गेली आणि उठून दिसणारा आकार सपाट झाला. वीस वर्षं झाली, डबी उघडली की अजून जीव हळहळतो. मऊ सुती कापडाने पुसायचं, बस्स.

आता पाठीचा फोटो पाठव. खिडकीच्या उजेडात, पिन उघडी ठेवून. मग किमतीचं बोलू.

तुझी,
मावशी