करवंदाचे कुंपण कधी छाटावे?

राजापूर तालुक्यातल्या एका बागायतदारांनी लिहिले आहे : "आंब्याच्या कलमांभोवती सहा वर्षांपूर्वी करवंदाची वई (कुंपण) लावली. वाढ झकास आहे, गुरे आत शिरत नाहीत. पण शेजारच्या सड्यावरची (कातळाच्या पठारावरची) जाळी मे महिन्यात काळीभोर होते आणि आमच्या वईला मूठभर करवंदे मिळायची मारामार. दरवर्षी डिसेंबरात बेणणी (बागेतल्या गवत-झुडपांची सफाई) होते तेव्हा गडी कोयत्याने वईही सारखी करतात. आता कोणते खत घालू?"

खत राहू द्या, कोयता आवरा. करवंदाला फुलांचे झुबके फांद्यांच्या शेंड्यांवर येतात आणि आपल्याकडे साधारण जानेवारीपासून झाड फुलायला लागते. तुम्ही डिसेंबरात वई सारखी केलीत म्हणजे नेमके फुलणारे शेंडे कापलेत. सड्यावरच्या जाळीला कोणी कोयता लावत नाही, म्हणून ती लगडते.

छाटणी करायचीच तर शेवटची करवंदे उतरली की लगेच, पावसाच्या तोंडावर करा. मग पावसाळ्यात नवी फूट येते, ती थंडीपर्यंत जून होते आणि तिच्याच शेंड्याला कळी धरते. ऑगस्टनंतर वाळकी फांदी सोडून काही तोडू नका. वई फारच पसरली असेल तर यंदा रस्त्याकडची बाजू छाटा, पुढच्या वर्षी बागेकडची. म्हणजे एका बाजूला तरी दरवर्षी फळ राहील. कापल्यावर पांढरा चीक गळतो, तो कपड्यांवरून निघत नाही, डोळ्यात तर जाऊच देऊ नका. तोडलेल्या काट्या त्याच दिवशी गोळा करा. वाळलेला करवंदाचा काटा चपलेतून आरपार जातो. मी स्वतः एकदा लंगडत ऑफिसला आलो आहे.

वई खालून विरळ दिसत असेल तर तो लावणीच्या वेळचा दोष. रोप फूटभर झाल्यावर शेंडा खुडला असता तर बुडातून फांद्या फुटल्या असत्या. आता मधल्या फटीत नवी रोपे लावा, दोन ओळींत, नागमोडी, दोन-अडीच फुटांवर. जूनमध्ये झाडागणिक घमेलेभर कुजलेले शेणखत पुरे. युरियाच्या नादी लागलात तर नुसता पाला वाढेल. आणि आंब्याच्या मोहोरावर औषध मारताना फवारा वईवर जाणार असेल, तर ती करवंदे पोरांना खाऊ देऊ नका. बांधावर उभे राहून 'कोंबडा की कोंबडी' करत खाण्याची ही वस्तू, ती धुऊन कोण खातो?

दुसरा प्रश्न संगमेश्वरहून : "गेल्या मे महिन्यात पिकल्या करवंदांच्या बिया बरणीत ठेवल्या होत्या, यंदा पेरल्या, एकही रुजली नाही." रुजणार नाही. करवंदाचे बी साठवणीत फार लवकर मरते. मोठी, गोड फळे देणारी जाळी हेरून ठेवा, फळ कुस्करून गर धुवा, बी राखेत घोळून सावलीत सुकवा आणि त्याच आठवड्यात पिशव्यांत पेरा. रोपे पुढच्या पावसाळ्यात लावण्याजोगी होतात. एवढे करूनही बियांची झाडे आईसारखीच निघतील याची खात्री नाही. कुंपणाला ते चालते. विक्रीसाठी लागवड असेल तर पावसाळ्यात गुटी बांधा (फांदीला झाडावरच मुळे फुटवून मग ती कापून लावा), किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या 'कोकण बोल्ड' जातीची कलमे मिळतात का पाहा. साध्या फाट्याला मुळे फुटायला फार त्रास होतो.

तिसरा प्रश्न नाशिककडचा. काळ्या जमिनीत अर्धा एकर करवंद लावले, पावसात पाने पिवळी पडून गळली. करवंद कातळावर, मुरमात, नुसत्या खडकाच्या भेगेत जगते. त्याला पाणी साचलेले खपत नाही. चर काढून आधी पाणी बाहेर काढा, नवी लावण उंच वरंब्यावर करा. सुरुवातीचे दोन उन्हाळे पाणी द्या, नंतर झाड आपले आपण पाहते.

त्याच पत्रात बाजारभाव विचारला आहे. पिकले करवंद तोडल्यावर दोन-तीन दिवसांत मऊ पडते. पानाच्या द्रोणात 'डोंगरची काळी मैना' विकणाऱ्या बायका सकाळी तोडून दुपारपर्यंत माल संपवतात, ते तुम्हाला अर्ध्या एकराच्या मालाचे जमायचे नाही. कच्चे फळ त्यामानाने टिकते, लोणच्याला चालते, आणि त्यात पेक्टिन भरपूर असल्याने जेलीही घट्ट धरते. म्हणून लागवड वाढवण्याआधी जवळच्या लोणचे-मुरंबे करणाऱ्या बचत गटाला भेटा, कच्चा माल किती आणि कोणत्या आठवड्यात उचलतील ते विचारा, मगच पुढचे खड्डे घ्या.