रूमवरच्या मित्राला एचआयव्ही आहे. एकाच ताटात जेवल्याने मला होईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोपरखैरण्याला तिघांनी मिळून खोली घेतली आहे. एकाचा एचआयव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, हे त्याने स्वतःच सांगितलं. बाथरूम एक, भांडी एक, डास भरपूर, आणि तो महिनाभर खोकतोय. तुम्हाला लागण होईल का, आणि हा विषाणू शरीरात नेमकं करतो काय?

ताटामुळे होणार नाही, बाथरूममुळे नाही, डासांमुळेही नाही. खोकल्याचं मात्र वेगळं आहे, त्याकडे शेवटी येते.

मी ठाण्यात लॅब टेक्निशियन आहे. रक्त काढायचं, किट लावायचं, रेघा वाचायच्या, यात वीसेक वर्षं गेली. या काळात एकदा माझ्याच बोटात सुई घुसली होती. जिथे नोकरी होती तिथला सुया टाकायचा डबा काठोकाठ भरलेला, कोणी बदलला नव्हता. मी वापरलेली सुई आत सारायला गेले, ती अडकून उलटी फिरली आणि हातमोजा फाडून आत गेली. ज्या पेशंटचं रक्त होतं तो एचआयव्ही पॉझिटिव्ह होता.

बोट साबणाने धुतलं आणि दोन तासांच्या आत लागण टाळणारी पहिली गोळी घेतली. ही गोळी जितकी लवकर घ्याल तितकी बरी; 72 तास उलटले की तिचा उपयोग होत नाही. मग सलग 28 दिवस गोळ्या. मळमळ इतकी, की सकाळचा चहासुद्धा नकोसा व्हायचा. हे सांगतेय ते एका आकड्यासाठी: बाधित रक्ताची सुई थेट मांसात घुसली आणि नंतर काहीच औषध घेतलं नाही, तरी लागण होण्याची शक्यता साधारण 1000 मध्ये 3 असते. सुईची ही गत, तर ताटाची काय असेल, तुम्हीच बघा.

गंमत म्हणजे हे आकडे मला पाठ होते, तरी मी घरी माझं ताट आणि पेला वेगळा घासायला लागले. चौथ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "काय गं, आमचं उष्टं चालेना का तुला?" काय सांगणार! त्यामुळे तुम्ही घाबरलात म्हणून मी हसणार नाही. माझे नंतरचे सगळे रिपोर्ट निगेटिव्ह आले.

हा विषाणू शरीराबाहेर फार दुबळा असतो. वाळला की त्याची लागण करायची ताकद झपाट्याने जाते. तो पसरतो रक्तातून, वीर्यातून, योनी आणि गुदमार्गातल्या स्रावातून आणि आईच्या दुधातून. म्हणजे कंडोमशिवाय संबंध, दुसऱ्याने वापरलेली सुई, न तपासलेलं रक्त, किंवा गरोदरपणात, बाळंतपणात आणि अंगावर पाजताना आईकडून बाळाला. औषध नसेल तर बाळाला लागण होण्याची शक्यता 15 ते 45 टक्के असते. आईने वेळेत गोळ्या सुरू केल्या तर ती 5 टक्क्यांच्याही खाली येते. थुंकी, घाम, अश्रू यांतून पसरत नाही. डास चावताना स्वतःची लाळ सोडतो, आधीच्या माणसाचं रक्त नाही. आणि डासाच्या पोटात गेलेला विषाणू तिथे वाढत नाही, पचून जातो. डासाने पसरत असता तर आमच्या खाडीकाठी एव्हाना कोणी उरलं नसतं. दाढीचं ब्लेड आणि टूथब्रश मात्र आपापले ठेवा, ते एचआयव्ही नसतानाही ठेवायचे असतात. आम्ही लॅबवाले सुईतून येणाऱ्या हिपॅटायटिस बीला जास्त भितो, कारण तो बाहेर वाळलेल्या रक्तातही सात दिवस टिकू शकतो. त्याची लस आहे, घेऊन टाका.

आता आत काय होतं ते. आपल्या रक्तात सीडी-4 नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. गणपती मंडळात एक कार्यकर्ता असतो बघा, तो स्वतः ढोल वाजवत नाही, ट्रॉली ओढत नाही, पण फोन त्याच्याच हातात. पथक कधी निघायचं, क्रेन कुठे लावायची, सगळं तोच सांगतो. सीडी-4 पेशी तशी. जंतूला मारणाऱ्या पेशी वेगळ्या, अँटिबॉडी बनवणाऱ्या वेगळ्या, पण त्यांना कामाला लावते ती हीच. एचआयव्ही नेमका हिलाच गाठतो. तो आधी पेशीवरच्या सीडी-4 या कडीला चिकटतो, मग शेजारच्या दुसऱ्या कडीला, बहुतेकदा सीसीआर-5 ला, आणि आत शिरतो.

त्याचा मसुदा, म्हणजे स्वतःच्या प्रती बनवायची माहिती, आरएनएच्या रूपात असते, आपल्या पेशीची डीएनएच्या. आत गेल्यावर तो त्याची उलटी नक्कल करून डीएनए बनवतो आणि तो तुकडा पेशीच्या स्वतःच्या डीएनएत शिवून टाकतो. मग ती पेशी त्याच्याच प्रती छापत बसते आणि शेवटी मरते. रोग मुळासकट का जात नाही याचं कारण या शिवणीत आहे. अशा काही पेशी वर्षानुवर्षं झोपून राहतात, औषध त्यांना काही करू शकत नाही. गोळ्या बंद केल्या की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत विषाणू पुन्हा रक्तात दिसायला लागतो. शिवाय ही नक्कल फार गचाळ असते, चुका तपासायला कोणी नाही, त्यामुळे विषाणू सतत रूप बदलतो. म्हणून एकाच गोळीत तीन औषधं देतात आणि ती चुकवायची नसते. अधूनमधून घेणं म्हणजे त्या विषाणूला औषधाची सवय लावणं.

लागण झाल्यावर दोन ते चार आठवड्यांनी पुष्कळांना ताप येतो, घसा दुखतो, अंगावर पुरळ येतं. लोक व्हायरल समजून पॅरासिटामॉल घेतात आणि बरे होतात. त्या दिवसांत रक्तातला विषाणू अफाट असतो, आतड्यातल्या सीडी-4 पेशींचा फडशा पडत असतो, आणि माझ्या किटवर मात्र पॉझिटिव्हची दुसरी रेघ उमटलेलीच नसते, कारण साधी किट अँटिबॉडी शोधते आणि त्या अजून पुरेशा तयार झालेल्या नसतात. म्हणून धोक्याचा प्रसंग घडला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगतो. पुढे काही वर्षं काहीच जाणवत नाही. सीडी-4 चा आकडा (रक्ताच्या एका घनमिलिमीटरमधल्या पेशी) निरोगी माणसात साधारण 500 ते 1500 असतो, तो हळूहळू उतरतो. 200 च्या खाली गेला की त्याला एड्स म्हणतात. उपचार नसतील तर तिथवर पोहोचायला आठ-दहा वर्षं लागू शकतात. माणसाला मारतो तो बहुधा एचआयव्ही नव्हे, त्याने मोकळ्या करून दिलेल्या वाटेने आलेला दुसराच रोग. आपल्याकडे सगळ्यात जास्त टीबी.

तुमच्या मित्राला एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधांच्या सरकारी केंद्रात, गोळ्या फुकट मिळतात, आणि सीडी-4 चा आकडा कितीही असला तरी लगेच सुरू होतात. नेमाने घेतल्या आणि व्हायरल लोड तपासणीत (रक्तात विषाणू किती आहे ते मोजतात ती) विषाणू सापडेनासा झाला, की त्याच्याकडून शरीरसंबंधातूनही लागण होत नाही. ज्याने कधी तपासणीच केली नाही अशा माणसापेक्षा तो अधिक सुरक्षित, असं माझं स्पष्ट मत आहे. घरमालकाला किंवा सोसायटीत सांगू का, असं मनात असेल तर नको. एचआयव्ही-एड्ससाठी 2017 चा कायदा आहे. त्याच्या संमतीशिवाय ही गोष्ट फोडता येत नाही, आणि या कारणावरून कोणाला भाड्याचं घर नाकारताही येत नाही. तुम्हाला स्वतःची तपासणी करायची असेल तर सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, जा. फुकट होते, नाव बाहेर जात नाही. फोनवर विचारायचं असेल तर एचआयव्हीची सरकारी हेल्पलाइन 1097.

राहिला खोकला. तुमच्या खोलीत हवेतून खरंच पसरेल असं काही असेल तर ते टीबी. दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हणजे बेडका तपासायलाच हवा, आणि एचआयव्ही असताना तर एवढीही वाट बघायची नाही. त्याला उद्याच पाठवा, आणि टीबी निघाला तर तुम्ही दोघंही तपासून घ्या. तोवर खिडक्या उघड्या ठेवा, त्याला खोकताना तोंडावर रुमाल धरायला सांगा. आणि डबीत सकाळी उठल्या-उठल्या खोल खोकून काढलेला बेडका द्यायचा, थुंकी नाही. निम्मे लोक थुंकी भरून आणतात आणि मला त्यांना दुसरी डबी देऊन परत पाठवावं लागतं.