लेव्हल वाढली, आता टेबल सांभाळा

या खेपेचे बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरताहेत: कॅरेक्टरची लेव्हल, म्हणजे आपल्या पात्राच्या ताकदीची पायरी. उत्तरांतले आकडे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायच्या भूमिकांच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे, २०१४ च्या पुस्तकांतले आहेत.

प्रश्न : एक्सपी (अनुभवाचे गुण) मोजायचे की डीएमनं (खेळ चालवणाऱ्यानं) ठरवून लेव्हल द्यायची? आमच्याकडे यावरून दोन गट पडलेत.

आधी हिशेब करून बघा. दुसऱ्या लेव्हलला प्रत्येकी ३०० एक्सपी लागतात आणि गॉब्लिन नावाचा एक छोटा राक्षस मारला की मिळतात ५०, तेही पार्टीत, म्हणजे सगळ्या खेळाडूंत वाटून. म्हणजे चौघांसाठी २४ गॉब्लिन. फक्त मारामारीचेच गुण देणार असाल तर पोरं दिसेल त्याच्यावर तलवार उगारणार, त्यात त्यांचा दोष नाही. १९७४ च्या मूळ खेळात सोन्याच्या एका नाण्यामागे एक एक्सपी मिळायचा, आणि राक्षस मारून मिळणारे गुण त्यापुढे किरकोळ. मग शहाणा खेळाडू राक्षस झोपेपर्यंत थांबायचा आणि पेटी उचलून पसार व्हायचा. गुण ज्याचे, खेळ त्याचा.

नकाशा उघडा टाकून 'जा हवं तिकडे' म्हणणार असाल तर एक्सपी मोजा. कथानक असेल तर माइलस्टोन बरा, म्हणजे कथेतला टप्पा गाठला की लेव्हल. मी तोच वापरतो. फक्त टप्पा आधी जाहीर करा. 'खिंडीतली चौकी मोकळी झाली की तिसरी लेव्हल' एवढं सांगितलं की पुरे. चौकी लढून मोकळी करा, लाच देऊन करा, नाहीतर भुताची आवई उठवून करा. टप्पा गुपित ठेवला की लेव्हल म्हणजे डीएमची मर्जी होऊन बसते.

प्रश्न : किती सेशननंतर लेव्हल द्यावी?

डीएमच्या पुस्तकातला सल्ला असा: पहिल्या सेशननंतर दुसरी, आणखी एका सेशननंतर तिसरी, पुढच्या दोन सेशननंतर चौथी, तिथून पुढे दर दोन-तीन सेशनना एक. महिन्यातून एकदाच जमणारा नोकरदारांचा ग्रुप असेल तर याहून हात आखडू नका.

प्रश्न : पाचव्या लेव्हलला आल्यापासून माझी एकही लढाई टिकत नाही. माझं काय चुकतंय?

काही चुकत नाही, पाचवी लेव्हल आहेच तशी. फायटरला (योद्ध्याला) एका वेळी दोन वार मिळतात, सगळ्यांचा प्रोफिशियन्सी बोनस (कसबाच्या कामात फाशावर मिळणारी भर) २ वरून ३ होतो आणि विझार्डच्या (जादूगाराच्या) हाती फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा मंत्र येतो. सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी २८ डॅमेज. गॉब्लिनकडे हिट पॉइंट, म्हणजे जीव, सात. सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, जमला तरी निम्मे, म्हणजे १४. गेला बिचारा.

माझ्या टेबलवर हे घडलं तेव्हा मी तासभर खपून एक गुहा आखली होती, नऊ गॉब्लिन आणि त्यांचा म्होरक्या. विझार्ड खेळणाऱ्या मुलीनं आठ फासे दोन्ही ओंजळीत धरून टाकले, एक फरसाणाच्या वाटीत गेला. तो सहा होता. गुहा संपली. मी पुढच्या वेळी सूड म्हणून गॉब्लिनांना ४० हिट पॉइंट दिले आणि टेबलवरचे चेहरेच उतरले. मिळालेली ताकद आपण परत काढून घेतली, हे त्यांना न सांगता कळलं होतं.

तेव्हा आकडे फुगवू नका, मांडणी बदला. फायरबॉलची त्रिज्या २० फुटांची. शत्रू दोन मजल्यांवर पांगवा, मध्ये ओलीस ठेवा. शिवाय पाचव्या लेव्हलच्या विझार्डकडे फायरबॉलला लागणारे तिसऱ्या पातळीचे दोनच स्लॉट (मंत्र टाकायच्या खेपा) असतात, आणि शॉर्ट रेस्टमध्ये (छोट्या विश्रांतीत) दिवसातून एकदा त्यातला एक परत मिळवता येतो. खेळातल्या दिवसभरात एकच लढाई ठेवलीत तर तो ते उधळणारच. तीन-चार ठेवा, मग दुसरा फायरबॉल टाकताना त्याचा हात अडखळतो. आणि एखादी गुहा मुद्दाम त्यांच्यासाठी सोडा, उडवू दे.

प्रश्न : जो येत नाही त्यालाही लेव्हल द्यायची?

द्या. मी एकाला दोन लेव्हल मागे ठेवलं होतं. पहिल्याच लढाईत आडवा झाला, उरलेला वेळ मोबाइल बघत बसला, मग यायचाच बंद झाला. हजेरी लावायची असेल तर चहा त्याच्याकडून घ्या.

प्रश्न : सेशनच्या मध्यात लेव्हल अप केलं की पाऊण तास जातो. उपाय?

सेशनच्या शेवटी जाहीर करा, शीट (कॅरेक्टरच्या आकड्यांचा कागद) घरी भरू दे. नव्या लेव्हलचे हिट पॉइंट फाशांनी ठरवत असाल तर तेवढा फासा मात्र सगळ्यांसमोर. ठरलेला आकडा घेणार असाल तर फायटरला ६, विझार्डला ४, वर कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) मॉडिफायर, म्हणजे त्या आकड्यावरून मिळणारी भर.

घरून आलेल्या शीटवर एक जागा जरूर तपासा. चौथ्या लेव्हलला कुणी कॉन्स्टिट्यूशन १५ वरून १६ केलं असेल तर मॉडिफायर एकानं वाढतो आणि तो मागच्या लेव्हलनाही लागू होतो. म्हणजे चौथ्या लेव्हलच्या वाढीवर मागच्या तीन लेव्हलचे आणखी तीन हिट पॉइंट. दहातले आठ जण ते लिहायला विसरतात, आणि आठवतं ते कॅरेक्टर शून्यावर आल्यावर.