दुधाचे खाडे

"ताई, माझ्यात काय कमी आहे ते एकदा सांगूनच टाका," खुर्चीत बसता बसता ती म्हणाली. पर्स अजून खांद्यालाच होती.

वय बत्तीस. लोकमान्य नगरातलं घर, सासू-सासरे, नवरा, पाच वर्षांचा मुलगा. (दोघांना विचारून लिहितेय, आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.) नवरा सॉफ्टवेअरमध्ये, अमेरिकेच्या घड्याळावर घरूनच काम करतो, रात्री दोन-अडीचला सुटतो. एका रविवारी मुलाला बडबडगीत लावून द्यायला तिनं नवऱ्याचा फोन घेतला, एक अक्षर टाइप केलं आणि खाली अश्लील व्हिडिओंची जी यादी उतरली ती बघून फोन गाद्यांच्या थप्पीखाली सारला. मुलगा "गाणं, गाणं" करत रडत राहिला. "आमच्या ह्यांनी असं..." इथपर्यंत आली आणि थांबली. त्यानंतरचं सगळं ती ‘तो’ म्हणूनच बोलली. इंदूरच्या आमच्या मराठी घरांमधून ‘हे’चा ‘तो’ झाला की समजायचं, गोष्ट साधी नाही.

मी इथे एक चूक केली. वीस वर्षं समुपदेशनाचं काम करतेय तरी केली. तिला बरं वाटावं म्हणून घाईनं म्हणाले, "अगं, बरेच पुरुष बघतात."

"म्हणजे बरेच पुरुष बायकोशी खोटं बोलतात, असंच ना?"

तिचं बरोबर होतं. ती आकडा विचारायला आलीच नव्हती. मग गप्प बसून ऐकलं. चाळीस मिनिटांनी कळलं की व्हिडिओपेक्षा तिला जास्त लागलं होतं ते रोज सकाळचं वाक्य: "काल काम लांबलं गं."

‘माझ्यात काय कमी आहे’ हा प्रश्न घेऊन येणाऱ्या बायका मला नव्या नाहीत. कुणी जिम लावते, कुणी केस कापते, कुणी आरशासमोर उभं राहणंच सोडते. त्यांना मी एकच विचारते, तिलाही विचारलं: तो हे कधीपासून बघतो? तिला ठाऊक नव्हतं. पुढे त्यानंच सांगितलं: कॉलेजात असताना, भंवरकुआँच्या एका सायबर कॅफेत, लाकडी पार्टिशनच्या आड, तासाचे पंधरा रुपये देऊन. तेव्हा ही बाई त्याच्या आयुष्यात नव्हती, तिचं नावही त्याला माहीत नव्हतं. जे तिच्या येण्याआधी सुरू झालं, त्याचं कारण तिच्यात कुठून सापडणार? त्या दिवशी नुसत्या प्रश्नानं ती लगेच शांत झाली असं नाही. पण पर्स खांद्यावरून खाली आली.

नवरा आठवडाभरानं आला. कपाळाला टिळा, नजर टेबलावरच्या पेपरवेटवर. "ताई, मला लत लागलीय. गंदी आदत आहे. डोकं खलास झालंय माझं." किती वेळा बघता, विचारलं. उत्तर द्यायच्या ऐवजी त्यानं कॅलेंडरची गोष्ट सांगितली.

सोडायचं ठरवलं होतं म्हणे. ज्या दिवशी घसरेल त्या दिवसावर फुली मारायची. फोनवर नोंद ठेवली तर बायको बघेल, म्हणून रात्री पाणी प्यायला उठला की फ्रिजशेजारच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरच पेन्सिलीची बारीक फुली. आता त्याच कॅलेंडरवर आई दुधाचे खाडे लिहिते, तीही फुलीनंच. महिनाअखेरीस आईनं फुल्या मोजल्या, तेवढ्या दिवसांचं दूध कापलं, आणि दूधवाला दारात उभा राहून शपथा घेऊ लागला, "माताजी, एक दिन भी नागा नहीं किया." आई ऐकेना. हा आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर घामाघूम. शेवटी त्यानंच वरचे पैसे गुपचूप दूधवाल्याच्या हातात ठेवले.

मला हसू आलं, आणि मग त्यालाही. त्या खोलीत तो पहिल्यांदा हसला तो इथे.

"फुल्या किती होत्या?"

"चार."

महिन्याला चार. एवढ्यावर माणूस स्वतःला नासलेला समजत होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे २०१९ साली मंजूर झालं आणि जानेवारी २०२२ पासून लागू आहे, लैंगिक वर्तनावरचा ताबा सुटणं हा एक विकार म्हणून नोंदलेला आहे. त्याला व्यसनांच्या रांगेत न बसवता आवेग-नियंत्रणाच्या विकारांत ठेवलंय. साधारण सहा महिने किंवा जास्त काळ ताबा सुटलेला असावा लागतो, आणि त्यापायी कामाचा, तब्येतीचा, नात्यांचा बोजवारा उडणं, पुन्हा पुन्हा प्रयत्न फसणं, अशी त्याची लक्षणं सांगितली आहेत. आणि त्यात एक वाक्य आहे जे मी अशा माणसांना वाचूनच दाखवते. त्याचा अर्थ असा: केवळ ‘हे पाप आहे’ या भावनेतून होणारा त्रास निदानाला पुरत नाही.

खरोखर ताबा सुटलेली माणसंही पाहिली आहेत. एक दुकानदार आठवतो, दिवसाचे पाच-सहा तास, शटर अर्धं ओढून. गिऱ्हाईक परत जाई. त्याला मी लगेच मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवलं होतं. आणि जिथे नवरा पडद्यावरचं बायकोवर जबरदस्तीनं करू बघतो, तिथे दोघांना एकत्र बसवतच नाही. आधी तिची सुरक्षितता. ही केस यातली कुठलीच नव्हती.

याच्याकडे होती ती निव्वळ भीती, आणि ती त्याला विकली गेली होती. रात्री व्हिडिओ बघून अपराधी वाटलं की त्याच फोनवर ब्रह्मचर्याचे व्हिडिओ बघायचा. ‘एक थेंब वीर्य म्हणजे चाळीस थेंब रक्त’ वगैरे. मग एका ‘वैद्या’कडून नऊ हजारांचं चूर्ण. रेल्वेनं जाताना रुळांकडेच्या भिंतींवर ज्यांच्या जाहिराती दिसतात त्यांतलेच हे. फक्त भिंत आता खिशात आलीय. वीर्य जाण्याच्या या धास्तीला ‘धात सिंड्रोम’ हे नाव डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली दिलं. आणि त्याच्याही आधी, १९२७ मध्ये, र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून मराठी माणसाला हे सगळं साध्या भाषेत सांगायला घेतलं होतं. वाचकांच्या असल्याच प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, १९३४ साली डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले, तरी शिक्षा झाली ती झालीच. नव्वद वर्षांनंतर इंदूरचा एक इंजिनियर त्याच प्रश्नावर नऊ हजार घालवतो, याचा मला राग येतो. चूर्णाचा डबा तो बरोबर घेऊन आला होता. मी तो ठेवून घेतला.

तिसऱ्या भेटीला दोघं एकत्र. ती तावातावानं म्हणाली, "सरकार हे बंदच का नाही करत?" गंमत म्हणजे ती मागणी आमच्या इंदूरमधूनच गेली होती. इथले वकील कमलेश वासवानी यांनी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तशी याचिका केली. २०१५ च्या ऑगस्टमध्ये सरकारनं ८५७ साइट्स बंद करायला सांगितल्या, ओरड झाली, आणि चार दिवसांत बराचसा आदेश सैल झाला. पुढच्याच वर्षी डेटा इतका स्वस्त झाला की सायबर कॅफेचं पार्टिशन पांघरुणाच्या आत आलं. नवऱ्याला वेगळीच धास्ती होती: पोलीस येतील का? प्रौढ माणसानं प्रौढांचं असं काही घरात एकट्यानं बघणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. ते पुढे पाठवणं हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७-अ कलमाखाली पहिल्याच खेपेला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलांचं असेल तर नुसतं शोधणं आणि बघणंसुद्धा गुन्हा.

"मी नाही बघत तसलं काही. मी फक्त ते देसी, लीक झालेले..." तो बोलून गेला.

इथे मी तटस्थ राहिले नाही. समुपदेशकानं मत देऊ नये म्हणतात, मी दिलं. लीक झालेलं म्हणजे कुणीतरी हॉटेलच्या खोलीत लपवलेला कॅमेरा, किंवा जुन्या मित्रानं सूड म्हणून टाकलेलं. त्यातली बाई नटी नसते. कुणाच्या तरी वर्गातली असते, कुणाची तरी वहिनी. तुम्ही बघता ते तिला माहीतसुद्धा नाही. तो बराच वेळ काही बोलला नाही. चार फुल्यांपेक्षा, मला विचाराल तर, काळजी करायची गोष्ट ही होती, आणि तिच्याबद्दल त्याला एकदाही अपराधी वाटलं नव्हतं. कारण कुठल्याही ब्रह्मचर्याच्या व्हिडिओत ती बाई नसते.

मग ती हळूच म्हणाली, "वाचलेलं चालतं का ताई?"

दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की ती फोनवर मराठी चावट कथा वाचायची. दोन वर्षं. नवरा थक्क. मग तो फिस्सकन हसला आणि ती भडकली, "ते वाचणं आहे! गोष्ट असते त्यात!" तिचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. शब्दांत कुणाचं खरं शरीर वापरलं जात नाही, चित्र ज्याचं त्यानं रंगवायचं असतं. आपल्या आधीच्या पिढीची पिवळी पुस्तकं गादीखाली असत, हिची फोनमध्ये. पण लपवणं दोघांचं सारखंच होतं हे तिनं स्वतःच कबूल केलं, मी न सांगता. "त्यातला हिरो बायकोला आधी विचारतो तरी, की दिवस कसा गेला," ती म्हणाली. नवऱ्यानं पेपरवेट खाली ठेवला.

खरी कथा त्या वाक्यानंतर बाहेर आली. आठ महिने दोघांमध्ये काही नव्हतं. मुलगा मधे झोपतो. भिंतीपलीकडे सासऱ्यांचा खोकला. तो अडीचला लॅपटॉप मिटतो तेव्हा ती गाढ झोपेत, ती सहाला डबा करायला उठते तेव्हा तो. कामाच्या ताणानं डोकं गरगरत असतं, झोप येत नाही, तेव्हा व्हिडिओ. दोघांनाही वाटत होतं की समोरच्याला आपण नकोसे झालोय.

त्याला फुल्या मारणं बंद करायला सांगितलं. फुली नुसतं ‘नापास’ म्हणते, दुसरं काही सांगत नाही. त्याऐवजी एका छोट्या वहीत लिहायचं: किती वाजता, त्याआधी काय झालं, मनात काय होतं. तीन आठवड्यांत दिसलं की ओढ बहुतेकदा मॅनेजरच्या कॉलनंतरची होती. फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला. काम संपल्यावर गच्चीत दहा मिनिटं, मग झोप. लीक झालेलं काही बघायचं नाही, ही त्यानंच घातलेली अट. शनिवारी सुट्टी, तेव्हा सकाळी दोघांनी बाहेर जाऊन पोहे-जलेबी खायची, मुलाशिवाय. स्पर्शाचं महिनाभर काही ठरवायचं नाही, नुसतं शेजारी बसायचं. हे ऐकून दोघांनाही हायसं वाटलेलं दिसलं.

मुलाला आजीच्या खोलीत झोपवायचं सगळ्यांत अवघड जाईल असं त्यांना वाटत होतं. सासूबाईंनी कारण विचारलंच नाही. एवढंच म्हणाल्या, "गोष्ट तुम्ही येऊन सांगायची, मला रोज रोज जमणार नाही." त्या सगळं समजून होत्या असा माझा संशय आहे. दुधाच्या हिशेबासकट.

परवा ती एकटी आली होती. म्हणाली, ह्यांनी परवा आपणहून सांगितलं, मंगळवारी बघितलं म्हणून. "खरं बोलले ताई. आणि तरी मला राग आलाच. दोन दिवस बोलले नाही."

"मग?"

"मग काय, कुकर लावला."

‘तो’चे पुन्हा ‘हे’ झालेत, हे मी तिला दाखवून दिलं नाही. पुढची भेट रंगपंचमीच्या आठवड्यात येत होती. गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघते त्या दिवशी राजवाड्याकडचे रस्ते बंद असतात, म्हणून त्याच्या दुसऱ्या दिवशीची वेळ दिली.