मध्ययुगीन स्कॉटलंडमध्ये पाद्री चर्चमधल्या पदासाठी राजाच्या मागे का लागत?

कारण नेमणूक कागदोपत्री पोपची असली, तरी वजन राजाच्या शब्दाला होतं. १४८७ मध्ये पोप आठव्या इनोसंटने मान्य केलं, की मोठं धर्मपद रिकामं झालं तर राजाच्या शिफारशीसाठी आठ महिने थांबायचं. पदासोबत जमिनीचं उत्पन्नही येई, त्यामुळे दरबारात रांग लागणारच.

राजा चौथ्या जेम्सने तर १५०४ मध्ये आपल्या अनौरस मुलाला, अलेक्झांडरला, सेंट अँड्र्यूजचा आर्चबिशप, म्हणजे स्कॉटलंडमधला सर्वांत वरचा धर्मगुरू, केलं. पोरगं जेमतेम अकरा वर्षांचं!

याच राजाच्या दरबारात कवी विल्यम डनबार होता, स्वतः पाद्री. मला त्याची फार कणव येते. एका कवितेत तो स्वतःला म्हातारा घोडा म्हणवतो आणि नाताळात तरी अंगावर चांगली झूल घाला, अशी विनवणी करतो. राजाने त्याला वर्षासन दिलं: १५०० मध्ये १० पौंड, १५१० पर्यंत ८०. या ८० पौंडांना अट अशी, की १०० पौंड उत्पन्नाचं चर्चपद मिळेपर्यंतच हे चालेल. ते पद त्याला मिळाल्याची नोंद सापडत नाही.